विकासप्रकल्पाचं मूल्यमापन: नव्यानं काम हाती घेणाऱ्यांसाठी

परदेशी मदतीतून चाललेल्या एखाद्या विकासप्रकल्पाचं मूल्यमापन पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल, तर टेबलावर साधारण हेच असतं: जाडजूड प्रकल्प-आराखडा, चौकटीचौकटींचा लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं, कामं आणि ती मोजायच्या खुणा मांडलेला तक्ता), तिमाही अहवालांची चळत, उत्तरं हवी असलेल्या प्रश्नांची लांबलचक यादी आणि हातात जेमतेम काही आठवडे. बहुतेक नवखे अशा वेळी लगेच प्रश्नावली तयार करायला बसतात. घाई करू नका. प्रश्नावलीची पाळी बरीच नंतर येते.

कागदावर कुठलाच प्रकल्प फसलेला नसतो. ‘आपण हे देऊ, मग लोक असं वागतील, मग अमुक बदल होईल’ अशी ती गृहीतकांची साखळी असते आणि प्रत्यक्षात ती कुठेतरी एका जागी तुटते. ती कच्ची कडी शोधून दाखवणारं मूल्यमापन पुढच्या प्रकल्पाच्या कामी येतं. नुसतं ‘किती वाटप झालं’ हे मोजणारं मूल्यमापन फाइलीत पडून राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही कडी शोधण्यासाठीच आहेत.

पायरी १: निर्णय कोणता, आणि तो कोण घेणार?

मूल्यमापनाच्या अटींचा मसुदा, ज्याला या क्षेत्रात सगळे टीओआर म्हणतात, तो वाचून झाला की काम देणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: ‘या अहवालानंतर तुम्ही नक्की काय ठरवणार आहात?’ निधी पुढे चालू ठेवायचा का, आराखडा बदलायचा का, दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा का? याचं उत्तर मिळालं नाही तर मिळेपर्यंत विचारत राहा. निर्णय आधीच झालेला असेल, तर तेही याच वेळी कळतं.

प्रश्नांची यादी बहुधा ‘ओईसीडी’ या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीच्या निकषांवरून केलेली असते. १९९१ मध्ये समितीनं पाच निकष मांडले: गरजेशी सुसंगतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये त्यात सहावा आला: इतर धोरणांशी आणि कामांशी मेळ. निकष चांगले आहेत, पण सहाही निकषांखाली पाच-पाच प्रश्न भरले की कशाचंच धड उत्तर मिळत नाही. तीन-चार कळीचे प्रश्न निवडा आणि बाकीच्यांना वरवरची उत्तरं मिळतील हे सुरुवातीच्या अहवालातच लेखी कळवा. नव्या माणसाला हे धाडसाचं वाटतं. अनुभवी अधिकारी मात्र बहुतेकदा सुटकेचा निःश्वास टाकतात.

वेळही इथेच बघून घ्या. मेक्सिकोनं १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू केला. मुलांना शाळेत आणि दवाखान्यात पाठवण्याच्या अटीवर गरीब कुटुंबांना रोख मदत, असा तो कार्यक्रम होता. मूल्यमापन सुरुवातीपासूनच त्याच्या रचनेत बसवलं होतं. २००० मध्ये सत्तापालट झाला. एरवी तिथं नवं सरकार आलं की आधीच्या सरकारची योजना गुंडाळली जायची. इथे भक्कम निष्कर्ष हातात होते, आणि ते योजना टिकण्याचं एक मोठं कारण ठरलं. नाव बदललं, व्याप्ती वाढली. तेच निष्कर्ष दोन वर्षं उशिरा आले असते तर त्यांचा उपयोग फक्त अभ्यासकांना झाला असता.

पायरी २: साखळी कागदावर मांडा, आणि प्रत्येक कडीला ‘कोण?’ विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. प्रकल्पातल्या माणसांबरोबर बसा आणि पैशापासून अंतिम बदलापर्यंतची प्रत्येक पायरी मोठ्या कागदावर काढा. मग प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा: हे घडायला कोणाला काय करावं लागेल? त्या व्यक्तीच्या हातात ते आहे का? तिला ते परवडतं का?

हे विचारलं नाही तर काय होतं, हे बांगलादेशातल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात दिसलं. जागतिक बँकेच्या साहाय्यानं तो १९९५ मध्ये सुरू झाला. तमिळनाडूतल्या अशाच प्रकल्पाचं यश समोर होतं, त्याच धर्तीवर आराखडा झाला. मुलांची वजनं घ्यायची, कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायांना पूरक आहार द्यायचा, आणि आयांना पोषणाची माहिती द्यायची. साखळी सरळ होती: आईला कळेल, आई वागणं बदलेल, मूल सुधारेल.

बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन विभागानं नंतर तपासलं तेव्हा पहिली कडी मजबूत निघाली. आयांना माहिती खरोखर झाली होती. दुसरी कडी तुटली होती. बांगलादेशाच्या ग्रामीण भागात बाजारहाट बहुतांशी पुरुष करतात, आणि एकत्र कुटुंबात कोणाच्या ताटात काय पडेल हे अनेकदा सासू ठरवते. प्रकल्प ज्या सुनेला शिकवत होता, तिच्या हातात ना पैसा होता ना निर्णय. पूरक आहाराचंही तसंच: बाहेर मिळालेला घास काही घरांत घरच्या घासाच्या बदल्यात धरला जाई. एकूण कुपोषणावरचा परिणाम अपेक्षेपेक्षा फार कमी निघाला.

तमिळनाडूत चाललेली रचना इथे का अडली, याचं उत्तर आहाराच्या दर्जात किंवा कार्यकर्त्यांच्या कष्टांत शोधून सापडलं नसतं. घरात निर्णय कोण घेतं, या एका प्रश्नात ते होतं. हा प्रश्न आराखडा करतानाही विचारता आला असता, कारण तो विचारायला कसलंही सर्वेक्षण लागत नाही. दोन-चार गावांत सासवांशी, सुनांशी आणि नवऱ्यांशी वेगवेगळं बसून बोललं तरी पुरतं.

साखळीतल्या काही कड्या म्हणजे नुसत्या पक्क्या समजुती असतात. ‘फुकट दिलेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते’ ही त्यातली फार जुनी. केनियात गरोदर बायांना हिवतापापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या फुकट द्याव्यात की नाममात्र दरात, यावर बराच वाद होता. प्रयोग करून पाहिल्यावर दिसलं की फुकट असताना जवळजवळ सगळ्याच घेत होत्या, पण ०.६० डॉलर लावताच शंभरातल्या साठेक जणी मागे फिरल्या. आणि पैसे देऊन घेणाऱ्या बाया ती फुकटवाल्यांपेक्षा जास्त वापरत होत्या असंही नाही. तुमच्या प्रकल्पातल्या अशा समजुती शोधून त्यांच्याखाली लाल रेघ मारा.

आणखी एक काम इथेच उरका: साधा गुणाकार-भागाकार. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ निघाला. मुलांनी खेळायचं चक्र फिरवायचं, आणि त्यावर जमिनीखालचं पाणी टाकीत चढायचं. २००६ मध्ये अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे होते. २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं हिशेब मांडला: ठरलेल्या लोकसंख्येला पुरेसं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात ते चक्र अनेक ठिकाणी मोठ्या बायांनाच ढकलावं लागत होतं. हा हिशेब अर्ध्या पानात मावतो. तो पहिल्या पंपाआधी कोणीतरी मागायला हवा होता.

पायरी ३: प्रकल्प नसता तर काय झालं असतं?

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक म्हणजे प्रकल्पाचा परिणाम, ही या कामातली सगळ्यात महागडी गफलत आहे. जग प्रकल्पासाठी थांबलेलं नसतं. रस्ते होतात, भाव बदलतात, पाऊस चांगला किंवा वाईट पडतो, सरकार आणखी काही सुरू करतं.

२००५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या दहा देशांत सुरू झालेला ‘मिलेनियम व्हिलेजेस’ प्रकल्प या दृष्टीनं अभ्यासावा असा आहे. निवडक गावांत शेती, आरोग्य, शिक्षण, पाणी या सगळ्यांवर एकदम खर्च करायचा, ही त्यामागची कल्पना. पहिल्या अहवालांत गावांतली प्रगती ठळकपणे मांडली होती, त्यात मोबाइल फोन वाढल्याचीही नोंद होती. मायकेल क्लेमेन्स आणि गॅब्रिएल डेमोम्बिन्स या अर्थतज्ज्ञांनी केनिया, घाना आणि नायजेरियातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. फोन तर आजूबाजूच्या सगळ्या भागातच वाढले होते! पुढे २०१२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दावा आला की या गावांत बालमृत्यू राष्ट्रीय दराच्या तिप्पट वेगानं घटले. ज्या राष्ट्रीय दराशी तुलना केली तो वेगळ्या कालखंडातला होता, हे इतरांनी दाखवून दिल्यावर लेखकांना तो दावा मागे घ्यावा लागला. गावांत चांगलं काही घडलंच नाही, असा याचा अर्थ नाही. प्रकल्पामुळे किती घडलं हे सांगता येण्याची सोय सुरुवातीलाच केली नव्हती, आणि नंतर ती कितीही पैशांनी होत नाही.

तुलनागट, म्हणजे प्रकल्प न पोचलेली पण बाकी तशीच माणसं किंवा गावं, कसा मिळवायचा? सगळ्यांना एकदम लाभ देण्याइतका पैसा किंवा माणसं नसतातच. मग पहिला क्रम कोणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तर ते न्यायाचंही होतं आणि तुलनाही मिळते. ‘प्रोग्रेसा’त ५०६ वस्त्यांपैकी ३२० ना आधी घेतलं, उरलेल्या १८६ ना नंतर. ‘काही गरिबांना मुद्दाम वंचित ठेवलं’ असा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. पण ज्यांना नंतर मिळणार आहे त्यांना तसं स्पष्ट सांगितलं असेल, आणि एरवीही सगळ्यांना एकदम पुरलं नसतं, तर चिठ्ठी ही वशिल्यापेक्षा खचितच बरी.

तुम्हाला बोलावलं जातं तेव्हा बहुधा हे सगळं करण्याची वेळ टळून गेलेली असते. प्रकल्पाआधीची स्थिती नोंदवणारी पायाभूत पाहणी झालेली नसते किंवा तिचा डेटा हरवलेला असतो. तरी हातपाय गाळू नका. बऱ्याच देशांत डीएचएससारखी (लोकसंख्या आणि आरोग्याची) मोठी घरोघरची सर्वेक्षणं झालेली असतात, त्यांतून आसपासच्या भागाचा कल काढता येतो. निवड झाली पण काम अजून पोचलं नाही अशी गावं असतील तर तुलनेला त्यांच्याइतकी जवळची दुसरी नाहीत. लोकांना जुनं विचारायचं असेल तर ‘चार वर्षांपूर्वी’ असं न म्हणता पूर, निवडणूक, शाळेची नवी इमारत अशा त्यांच्या आठवणीतल्या खुणांवर बोट ठेवून विचारा.

‘भाग घेतलेले’ आणि ‘न घेतलेले’ यांची सरळ तुलना मात्र टाळा. स्वतःहून पुढे येणारी माणसं मुळातच वेगळी असतात. छोट्या कर्जांच्या बाबतीत जगानं हा धडा उशिरा घेतला. कर्जदार बायांच्या यशोगाथा वर्षानुवर्षं ऐकल्या गेल्या. मग बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचे धंदे वाढले, कामधंद्याची मोकळीक थोडी वाढली, पण सरासरी कुटुंब गरिबीतून वर निघाल्याचा पुरावा एकाही ठिकाणी मिळाला नाही.

पायरी ४: आता प्रश्नावली, पण आधी डोळ्यांनी बघा

कागदी नोंदींवर विसंबू नका, आणि लोकांच्या समजावरही पूर्ण विसंबू नका. इंडोनेशियात अर्थतज्ज्ञ बेन ओल्केन यांनी सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांची कामं तपासली. अभियंत्यांकडून रस्ते ठिकठिकाणी खणवून किती खडी आणि वाळू खरोखर पडली याचा अंदाज घेतला आणि तो कागदावरच्या खर्चाशी लावून पाहिला. गावकऱ्यांना वाढीव दर बऱ्यापैकी कळत होते. पण कागदावर लिहिलेलं आणि रस्त्यात न पडलेलं साहित्य त्यांच्या नजरेतून सुटत होतं, आणि चोरी तिथेच लपवली जात होती. तेव्हा जे मोजता येतं ते मोजा: नळ उघडून पाणी येतं का बघा, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचा, शौचालयात सरपण रचलंय का ते दार उघडून बघा.

एकदाच मोजून निघून येऊ नका. ओडिशात सुधारित चुली वाटल्यावर अभ्यासकांनी चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला, पुढे तो फरक विरून गेला, कारण चुलींची डागडुजी होत नव्हती आणि वापरही घटत गेला. वर्षभरात अहवाल बंद केला असता तर तो यशाचा अहवाल झाला असता.

मुलाखतींबद्दल थोडं व्यवहाराचं. गावांची यादी प्रकल्पाच्या लोकांकडून घ्या, पण निवड स्वतः करा, नाहीतर डांबरी रस्त्यालगतचीच गावं बघायला मिळतील. प्रकल्पाच्या गाडीतून किंवा प्रकल्पाची टोपी घालून जाऊ नका. दुभाषी प्रकल्पाचाच कर्मचारी नसावा. बाया शेतावर किंवा पाण्याला गेलेल्या वेळी पोचलात तर दिवसभर पुरुषांशीच बोलून परत याल. बोलण्याआधी प्रत्येकाला सांगा की नाही म्हणण्याचा हक्क आहे आणि उत्तर काहीही दिलं तरी मिळणारी मदत वाढणार नाही की बंद होणार नाही. हे मनापासून आणि सावकाश सांगा. मदतीवर घर चालणाऱ्या माणसाला तुमच्या वहीची भीती वाटते.

प्रकल्प सोडून गेलेल्यांना आणि कधीच न आलेल्यांना शोधायला एक दिवस राखून ठेवा. कच्ची कडी बहुतेक वेळा त्यांच्याच बोलण्यात सापडते.

पायरी ५: जे लॉगफ्रेममध्ये नाही ते विचारा

लॉगफ्रेममध्ये फक्त हेतू असतात, अपाय नसतात. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारनं कूपनलिकांचा प्रसार केला. तळ्या-डबक्यांच्या पाण्यातून होणारे आजार टाळणं हा हेतू होता, आणि लाखो कूपनलिका बसल्या. त्या काळच्या नेहमीच्या पाणीतपासणीत आर्सेनिक हे विष तपासलंच जात नव्हतं. १९९३ मध्ये भूजलात ते सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या लेखानं साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज दिला आणि याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं. आर्सेनिकचे चट्टे कातडीवर दिसायला कित्येक वर्षं लागतात, तोवर ‘सुरक्षित पाणी मिळालेली लोकसंख्या’ हा आकडा दर वर्षी चढतच होता.

म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी मोकळा प्रश्न ठेवा: ‘हे काम आल्यापासून काय बिघडलं? कोणाचं नुकसान झालं?’ आणि गावातल्या दवाखान्यातल्या नर्सला, दुकानदाराला, शिक्षकाला तोच विचारा. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसांना बिघाड आधी दिसतो.

पायरी ६: खर्च

यावर फार लिहीत नाही. फक्त एकूण खर्च लाभार्थींच्या संख्येनं भागून थांबू नका. ज्यांच्यात खरोखर बदल झाला त्यांच्या संख्येनं भागा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेसोबत झालेल्या अभ्यासात नियमित लसीकरण शिबिरांमुळे पूर्ण लसीकरण झालेल्या बाळांचं प्रमाण सुमारे ६ वरून १८ टक्क्यांवर गेलं, आणि शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ दिल्यावर ३९ टक्क्यांवर. डाळीचा खर्च धरूनही दर पूर्ण लसीकरणामागचा खर्च कमी झाला, कारण परिचारिका तीच, दिवस तोच, आणि बाळं जास्त. दर डोई सरळ भागाकार केला असता तर डाळ ही उधळपट्टी वाटली असती.

पायरी ७: ‘इथे चाललं’ म्हणजे ‘तिथे चालेल’ असं लिहू नका

केनियात कंत्राटी शिक्षक नेमल्यानं मुलांचे गुण वाढल्याचं आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. ते देशभर न्यायच्या वेळी अभ्यासकांनी काही शाळांत शिक्षक स्वयंसेवी संस्थेमार्फत आणि काही शाळांत सरकारमार्फत नेमले. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, सरकारी नेमणुकांच्या शाळांत वाढले नाहीत. कल्पना तीच होती, राबवणारा हात बदलला. तेव्हा ‘कोणी राबवलं, किती देखरेखीखाली, पगार वेळेवर झाला का’ हे तुमच्या निष्कर्षाचाच भाग म्हणून लिहा, परिशिष्टात ढकलू नका.

बांगलादेशाच्या उत्तर भागात सुगीआधीच्या टंचाईच्या महिन्यांत शहरात कामाला जाण्यासाठी गाडीभाड्याइतकी छोटी रक्कम देण्याचा कार्यक्रम होता. २००८ च्या प्रयोगात फार चांगले परिणाम आले. २०१७ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर नेला तेव्हा लोकांचं कामासाठी बाहेर जाणं वाढलंच नाही. ‘एव्हिडन्स ॲक्शन’ या संस्थेनं हे लपवलं नाही. निष्कर्ष जाहीर केले आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला. या क्षेत्रातलं मला सर्वांत जास्त आदर वाटणारं हे उदाहरण आहे, कारण यशस्वी म्हणून नाव झालेली गोष्ट पुन्हा तपासायला फार मोठं मन लागतं.

पायरी ८: अहवाल

मसुदा पाठवण्याआधी वाईट बातमी तोंडी सांगा. प्रकल्पप्रमुखांना ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळली तर ते निष्कर्षाऐवजी तुमच्या नमुन्याच्या आकारावर, म्हणजे किती जणांना विचारलं यावर, बोलत बसतील. त्यांनी दाखवलेल्या चुका खऱ्या असतील तर दुरुस्त करा. ‘जरा सौम्य लिहा’ असं म्हणाले तर भाषा सौम्य करा, निष्कर्ष तसाच ठेवा. आणि झालेले बदल कोणाच्या सांगण्यावरून झाले याची नोंद ठेवा.

सारांश दोन पानांच्या वर नको. त्यात साखळीचं चित्र टाका आणि तुटलेल्या कडीवर खूण करा. शिफारशी पाच-सहाच्या वर गेल्या की एकही अमलात येत नाही. प्रत्येक शिफारशीसमोर कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहा. ‘समन्वय वाढवावा’, ‘क्षमताबांधणी करावी’ असली वाक्यं खोडून टाका, ती कुठल्याही प्रकल्पाला लागू पडतात.

संस्थेकडून लेखी उत्तर मागा: कुठली शिफारस मान्य, कुठली नाही, का नाही. हे उत्तर देण्याची अट करारातच घालून घ्या, नंतर कोणी देत नाही. आणि ज्या गावांत बसून तुम्ही लोकांचा वेळ घेतलात तिथे निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत नेण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा: एक बैठक, एक पानाचं पत्रक, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं. निधीदाते ही ओळ सगळ्यात आधी कापायला बघतात. तिच्यासाठी भांडा.